सोनिकाच्या डोळ्यांतलं पाणी

सोनिका इंगळेच्या डोळ्यांतलं पाणी आटलं ते एका मंगळवारी सकाळी, ग्वाल्हेरात महाराज बाड्याजवळच्या बंद पडलेल्या शाळेत, शंभरेक माणसांच्या देखत. शूटिंगसाठी शाळेचं इस्पितळ केलं होतं. सोनिका पोलीस इन्स्पेक्टर. भावाचं प्रेत स्ट्रेचरवरून समोरून जायचं आणि तिने भिंतीला टेकून रडायचं, एवढाच प्रसंग. सात वर्षांत असे प्रसंग तिने ढिगाने केले होते आणि ग्लिसरीन एकदाही लागलं नव्हतं. "सोनिका को ले लो, वो सचमुच रोती है," असं दिग्दर्शक एकमेकांना सांगायचे. त्या एका गुणावर तिचं नाव झालं होतं.

रडण्याची तिची रीत ठरलेली होती. डोळे मिटायचे आणि प्रांजलीचं डोकं मांडीवर घ्यायचं.

प्रांजली सप्रे आणि ती, दोघी ग्वाल्हेरच्या, एकाच क्लबातून हॉकी खेळून वर आलेल्या. सोनिका पेनल्टी कॉर्नर मारायची. चेंडू स्टिकच्या वळणात धरून ओढत न्यायचा आणि गोफणीतून सुटावा तसा सोडायचा. हॉकीवरच तिचं पोट होतं. मोठ्या स्पर्धांसाठी संघ तिला पैसे मोजून बोलवायचे. प्रांजली बचावाला. कॉर्नर लागला की गोलातून सुसाट पळत येऊन मारणारीच्या, म्हणजे सरावात सोनिकाच्या, अंगावर धावून जायचं, हे तिचं काम. मेच्या एका सकाळी, साध्या सरावात, उकाडा सहन होईना म्हणून प्रांजलीने तोंडावरचा संरक्षक मास्क कपाळावर सरकवला आणि तशीच धावली. सोनिकाने मारलेला चेंडू कानशिलावर बसला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

चूक कुणाची नव्हती, असं सगळे म्हणाले. सोनिका आठ दिवसांत मुंबईला मावशीकडे निघून गेली. तिथे एका मालिकेला स्टिक धरता येणाऱ्या मुली हव्या होत्या. अभिनयाच्या पहिल्याच शिबिरात शिकवणारे म्हणाले, आयुष्यातला सगळ्यात दुखरा क्षण शोधा. तिला शोधावा लागलाच नाही. सरावाआधी पाणी मारलेलं ओलं हिरवं मैदान, मांडीवर प्रांजलीचं डोकं, बोटांत तिचे घामेजलेले केस. सोनिका इतकी रडली की वर्गातल्या दोघी उठून बाहेर गेल्या.

पुढे प्रांजली बोलावली की यायची. मग न बोलावताही येऊ लागली. मेकअपच्या आरशात खांद्यामागे, लिफ्टचं दार बंद होताना फटीत. गेल्या वर्षभरात सोनिकाने कुणाला न सांगता घरातले दोन आरसे काढून टाकले होते.

आणि आज बोलावली, तर आली नाही. मांडी रिकामीच. पाच टेक झाले. दिग्दर्शक म्हणाला, "कल कर लेंगे, मॅडम. आराम करो." सोनिकाने युनिफॉर्म उतरवला, ऑटो केली आणि दर्पण कॉलनी सांगितली. तिथे प्रांजलीचं घर होतं. का, ते तिचं तिलाही नीटसं कळत नव्हतं. माफी मागायला चाललो आहोत, असं ती स्वतःला सांगत होती. पण भीती वेगळीच होती: उद्या पुन्हा पाणी आलं नाही तर?

दार प्रांजलीच्या आईने उघडलं. सीमंतिनीकाकू बारीक झाल्या होत्या. क्षणभर त्यांनी निरखून पाहिलं.

"सोनू! अगं ये ना आत. टीव्हीवर तर रोज दिसतेस, इथे यायला सात वर्षं लागली तुला?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. काकू तिचा हात धरून आत घेऊन गेल्या, कोचावर बसवलं आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या. खोलीत प्रांजलीचा धाकटा भाऊ सुश्रुत होता. तेव्हा शाळेत होता, आता सिटी सेंटर भागातल्या एका बँकेत लागला होता. तो हसला नाही.

"ताई, तुझा तो इंटरव्ह्यू मम्मीने फोनमध्ये सेव करून ठेवला आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "वो वाला, ज्यात तू सांगतेस की प्रांजलीताईचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. रोज झोपायच्या आधी पाहते. म्हणते, माझी पोर एकटी नव्हती."

"हो," सोनिका म्हणाली.

सुश्रुतने आपला फोन काढला. "सराव रेकॉर्ड करायचे ना कोच? क्लबच्या जुन्या कम्प्युटरवर मला हे मिळालं. मम्मीला नाही दाखवलं."

चित्र लांबून घेतलेलं, हलणारं. कॉर्नर. चेंडू. प्रांजली पडते. सगळ्या पोरी धावतात. एक जण धावत नाही. ती वर्तुळाच्या टोकाशी उभी राहते, मग वळते, गोलाकडे पाठ करते आणि स्टिकच्या मुठीवरची सुटलेली पट्टी गुंडाळू लागते. नीट, कसून, जणू तेवढंच काम राहिलं आहे. तिकडे घोळक्यात क्लबच्या उषाताई जमिनीवर बसून प्रांजलीचं डोकं मांडीवर घेतात. पट्टी गुंडाळणारी एकदाही मागे वळून पाहत नाही.

सोनिकाने ते तीनदा पाहिलं. ओलं मैदान होतं. केस होते. मांडी उषाताईंची होती.

खोटं बोलावं असं तिने कधी ठरवलं नव्हतं. शिबिरात डोळे मिटल्यावर तिला तसं दिसलं आणि मग प्रत्येक टेकला ते अधिक खरं होत गेलं, इतकं की केसांचा वाससुद्धा तिला यायचा. तिने फोन सुश्रुतकडे परत सरकवला.

काकू चहा घेऊन आल्या. कप पुढे करून शेजारी बसल्या. "एक विचारू, बेटा? त्या मुलाखतीत तू थोडंच सांगितलंस. तुझ्या मांडीवर होती तेव्हा काही बोलली का गं ती? इस्पितळात तर शुद्धच नव्हती."

सुश्रुत खिडकीबाहेर पाहू लागला. सोनिकाला पुढचं वाक्य तयार मिळालं होतं. तुमचं नाव घेतलं, काकू. एवढंच म्हणायचं, आवाज किंचित कापरा ठेवायचा. ते आपल्याला उत्तम जमेल हे तिला ठाऊक होतं आणि त्याचीच तिला शिसारी आली.

"काकू, मी तिच्याजवळ गेलेच नव्हते."

"म्हणजे?"

"मी पाठ फिरवून उभी होते. डोकं मी नव्हतं धरलं. उषाताईंनी धरलं होतं."

काकूंनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "उषा? ती पोरींच्या पायांना बर्फ लावायची ती?"

"हो."

"कुठे राहते?"

"लष्कर भागात. घर माहीत आहे मला."

काकू उठल्या आणि चपला घालू लागल्या. "चल."

ऑटोत त्या सोनिकापासून सरकून, पदर आवळून बसल्या होत्या. उषाताईंचं घर एका शिंप्याच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर. त्यांनी दोघींना पाहिलं आणि काही न विचारता चटई अंथरली. काकूंनी तोच प्रश्न विचारला.

"बोलली ना," उषाताई म्हणाल्या. "आधी म्हणाली, फार लागलं नाही. मग सोनू कुठे आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, ती काय तिथे उभी आहे. तर म्हणाली, तिला बोलवा, नाहीतर ती घाबरेल. मी हाक मारली दोनदा. मग प्रांजलीने स्वतः मारली. आवाज छोटासाच होता, पण पोहोचला असणार. मैदानात सन्नाटा होता तेव्हा." त्यांनी सोनिकाकडे पाहिलं. "तुला ऐकू आली होती का गं?"

सोनिकाने मान हलवली. हो की नाही, ते तिला स्वतःला सांगता आलं नसतं.

काकू रडल्या, पण त्या रडण्यात थोडं हसूही होतं. "अशीच होती. स्कूटीवरून पडली तेव्हासुद्धा फार लागलं नाही म्हणाली, आणि हात मोडला होता." मग डोळे पुसून त्या सोनिकाकडे वळल्या. "खरं सांगितलंस ते बरं केलंस. येत जा घरी, मी नको म्हणणार नाही. पण तिला घेऊन टीव्हीवर रडू नकोस आता. ती माझी आहे."

दुसऱ्या दिवशी प्रसंग कोरड्या डोळ्यांनीच झाला. दिग्दर्शक नाराज झाला, त्याने तो अर्ध्यावर कापला. पुढच्या मालिकेत तिची भूमिका दुसऱ्या मुलीला गेली. सोनिका अजून काम करते, लहानसहान, वकीलबाईचं, शेजारणीचं. प्रांजली आता कुठल्याच आरशात येत नाही. फक्त कॅमेरा सुरू झाला आणि सेटवर शांतता पसरली की मागून, फार लांबून, कुणीतरी तिला हाक मारतं. पहिलं वाक्य बोलण्याआधी ती दर वेळी मान वळवून मागे पाहते. लोकांना वाटतं, ही तिची अभिनयाची ढब आहे.