दिवसाला एक ओळ

दादाचं मशीन, म्हंजे त्याचा कॉम्प्युटर, मी पुसलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी जबरदस्ती केली नव्हती. शनिवारी दुपारी पावणेतीनला मीच बटण दाबलं.

दादा म्हंजे कमलेश, माझा मोठा भाऊ. मागच्या वर्षी गेला. रजा टाकून भाताच्या लावणीला आला, चार दिवस चिखलात उभा होता, मग ताप आला, आणि नवव्या दिवशी गेला. डॉक्टर बोलले, उंदरापासून होतो तो ताप. आये तेव्हापासून घरात उंदीर दिसला तरी काठी उचलत नाय. नुसती बघत बसते त्याच्याकडं.

दादा कंपनीत कोडिंग करायचा. घरी आला की स्वतःचं एक ॲप बनवत बसायचा. साप चावला तर आज कुठल्या दवाखान्यात इंजेक्शन हाय, आणि वाडीवरनं खाली आणायला कुणाची गाडी मिळेल, ते दाखवणारं. डोंगरावरच्या जनाकाकूच्या पोराला घेऊन आमी एका रात्रीत तीन दवाखाने फिरलो होतो, तेव्हापासनं त्याच्या डोक्यात बसलं ते.

कोडिंगवाल्यांची एक पद्धत असते. काम जपून ठेवताना दर वेळी एक ओळ लिहायची, आज काय बदललं ती. बाकीचे इंग्लिशमधले दोन शब्द टाकून मोकळे होतात. दादा मराठीत लिहायचा, आणि घरात बोलतो तसंच लिहायचा. 'नकाशा उलटा दिसत होता, सरळ केला. आये तिसऱ्यांदा जेवायला हाक मारतेय, आता भांडी आपटेल.' असं.

तेराव्याला नेरळची हर्षलाताई आली होती. दादाच्या कंपनीतली. तिनं मला एक कमांड शिकवली, ती मारली की ह्या सगळ्या ओळी पहिल्यापासून एकाखाली एक दिसतात. वर आकडा होता, पाचशे एकाहत्तर. मी पहिली ओळ मोठ्यानं वाचली. आये दारात सुपात तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"अजून हायत?"

"लय हायत."

"मग आज एकच वाच," ती बोलली. "उद्याची उद्या. आणि संजे, तू पण एकटीनं पुढचं वाचायचं नाय. शपथ घे."

मी घेतली. तेव्हापासनं रोज संध्याकाळी ती सूप घेऊन बसायची आणि विचारायची, "आज काय म्हणतो?" मंगळवारी दिवसभर लाईट नसते आमच्याकडं. वीज बनवणारं पावरहाऊस समोर दिसतं आणि पंखा फिरत नाय. तर मंगळवारी लाईट आल्यावर, पण वाचायचंच. एकदा ओळ निघाली, 'संजी शाळा सोडून आली. बाईंना डस्टर फेकून मारला म्हणे. आज काय सुचत नाय. एक बटण निळं केलं.' मला वाटलं आये आता जुनं उकरून काढेल. ती बोलली, "एकच बटण?" आणि हसली. दादा गेल्यावर पयल्यांदा.

सव्वादोनशे ओळी झाल्या असतील, तेव्हा हर्षलाताईचा फोन आला. दादाचं ॲप ती आणि ऑफिसातली दोन पोरं पुढं नेत होती, पण एकमेकांना व्हॉट्सॲपवर फायली पाठवून. योगेंद्रनं केलेलं संतोषच्या फायलीनं पुसलं जायचं, आणि मग दोघांची भांडणं. ताई बोलली, कोड ठेवायची एक जागा पायजे. सगळ्यांचं काम तिथं जमा होईल, कुणी काय बदललं ते दिसेल, चुकलं तर मागं जाता येईल.

"तसली जागा भाड्यानं मिळते गं संजू. दहा मिनिटांचं काम."

"दादाचं दुसऱ्याच्या दारात नाय ठेवायचं. घरीच बसवू, त्याच्याच मशीनवर."

 ती बोलली, बरं. घरी बसवायचं तर दोन रस्ते. एक, सरळ मशीनवर बसवायचं. पण मशीन ज्यावर चालतं ते दादाचं लिनक्स जुनं, त्यावर ते बसणार नाय, म्हंजे मशीन पुसून नवं टाकायला लागणार. दुसरा, डब्यात बंद करून आलेलं असतं ते वापरायचं. डबा आहे त्या मशीनवर नुसता ठेवायचा, जुन्याला धक्का लागत नाय.

"डब्यातलंच घेऊ," ती बोलली. "मशीनला मेमरी कमी हाय, जरा रखडत चालेल. पण त्याचं सगळं जागच्या जागी राहील."

मी रात्रभर ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं माहितीचं पान वाचलं, फोनवर मराठी करून करून. त्यात लिहिलं होतं, सरळ बसवलं तर जास्त चांगलं. दुसऱ्या दिवशी मी ताईला तेच सांगितलं, की रखडत चालणारं मला नको, दादाचं हाय तर पयल्या नंबरचं पायजे.

ताई वैतागली. "अगं, ते वाटतं तेवढं सोपं नाय. तुझ्यानं नाय व्हायचं. रविवारी योगेंद्रला पाठवते मी, तोपर्यंत हात लावू नको."

तुझ्यानं नाय व्हायचं. हे मी शाळेत इतक्या वेळा ऐकलंय की मला समोरचं दिसायचं बंद होतं. योगेंद्र कोण? दादा आजारी असताना एकदा तरी आला होता का बघायला? मी फोन कापला, आणि शनिवारी आये शेताकडं गेल्यावर मशीनसमोर बसली.

असं नाय की मी न बघता केलं. माझी नजर तशी पक्की हाय. पेनड्राइव्हवर 'दादा' नावाचं नवं फोल्डर केलं. दादाच्या कामाचं फोल्डर उघडलं, आतलं सगळं निवडलं, उचललं आणि इकडं टाकलं. तिकडं मोजलं, एकशे बेचाळीस फायली. इकडं मोजलं, एकशे बेचाळीस. पाच-सहा उघडून पण बघितल्या. ताईचा मेसेज आलेला होता, 'काही करायचं असेल तर आधी त्याचं फोल्डर जसंच्या तसं मला पाठव.' मला वाटलं, हिला सगळं आपल्याकडं घ्यायचंय. उत्तर नाय दिलं.

मशीननं विचारलं, डिस्कवरचं सगळं जाईल, चालेल का? चालेल.

संध्याकाळी साडेसहाला बसलं. मी एकटीनं बसवलं. दोन वेळा अडकलं, दोन्ही वेळा मीच सोडवलं. पांढरं स्वच्छ पान उघडलं आणि त्यावर माझं नाव, मालक म्हणून. आये सूप घेऊन आली तर मी तोऱ्यातच बोलली, "आज मशीन कामात हाय. उद्या दोन वाचू."

"दोन नको," आये बोलली. "एकच वाच."

रविवारी सकाळी मी सगळ्या फायली नव्या जागेवर चढवल्या आणि ताईला फोन केला. तिनं तिच्या घरनं उघडून बघितलं.

"काय गं संजू, खरंच बसवलंस की," ती बोलली. आवाजात खरं कौतुक होतं. मग थोड्या वेळानं, "कोड आलाय सगळा. ह्याच्या मागचं कुठाय?"

"मागचं म्हंजे?"

"त्याच्या ओळी गं. इथं एकच नोंद दिसतेय, आजची, तुझ्या नावाची."

"त्या असतील ना फायलीतच."

 तिनं हळू आवाजात समजावलं. ओळी फायलीत नसतात. त्याच फोल्डरमध्ये आत अजून एक फोल्डर असतं, त्याच्या नावाच्या आधी टिंब असतं, म्हणून ते डोळ्याला दिसत नाय. अख्खं फोल्डर उचललं असतं तर बरोबर आलं असतं. मी आतलं निवडलं. दिसत होतं तेवढंच निवडलं.

"तुझ्याकडं असेल ना?" मी विचारलं.

"तो एकटाच करायचा गं. आमाला शेवटच्या फायली तेवढ्या द्यायचा." ती रडत होती. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

मशीन पिशवीत घालून कर्जतला पदूच्या दुकानात नेलं. तो बिघडलेल्या डिस्कमधले लग्नाचे फोटो काढून देतो. त्यानं डिस्क बघितली, मी वरनं काय काय टाकलं ते विचारलं. "जुन्या डिस्कमधनं कायतरी तरी निघायचं," तो बोलला. "ह्या नव्या चिपवाल्या. पुसलं की गेलं. काय होतं, फोटो?"

"नाय," मी बोलली.

संध्याकाळी मशीन परत जागेवर लावलं. आये बसली. सुपात दोन मुठी तांदूळ.

"आज काय म्हणतो?"

मी पडद्याकडं बघितलं. ते पांढरं पान उघडं होतं. मी वाचल्यासारखं बोलली, "आज गाड्यांची यादी नीट लावली. दमलोय. आयेच्या हातची भाकरी आठवते."

आयेनं एक खडा काढून बाजूला टाकला. दुसरा काढला.

"हे तुझं हाय," ती बोलली.

"कशावरनं?"

"माझी भाकरी त्याला कधी आवडली? कडक होते बोलायचा. पाण्यात बुडवून खायचा मेला."

मी तिच्यावर ओरडली. तुला काय कळतंय मशीनमधलं, शाळेची पायरी नाय चढलीस, रोज फुकट बसून ऐकतेस आणि वर मलाच शिकवतेस, असं सगळं बोलली. ती ऐकत राहिली. माझं बोलून संपलं तेव्हा मी खाली बसली आणि सांगितलं. डबा, टिंब, पदू, सगळं. तिला त्यातलं किती समजलं माहीत नाय. शेवटचं समजलं.

"किती राहिल्या होत्या?"

"तीनशे बेचाळीस."

ती बोटांच्या पेरांवर दिवसांचे महिने मोजत राहिली. एकदा चुकली, परत पयल्यापासनं मोजलं.

"म्हंजे पुढच्या चैतापर्यंत होता तो," ती बोलली.

मग उठली. तांदूळ अर्धेच निवडून झाले होते. ते तसेच डब्यात ओतले, सूप खिळ्याला अडकवलं आणि मागच्या दारानं बाहेर गेली. मी मशीनसमोर बसून राहिली. पडद्यावर योगेंद्रचं काम आलं, मग संतोषचं. कुणाचं कुणावर चढलं नाय. जागा एकदम नीट चालत होती.