वेग न सोडणारी मोटार

मी निवृत्तीशेठची अमेरिकन मोटार बोलतेय. आधीच सांगते, गोड बोलणं मला जमणार नाही. माणसांच्या सहवासात इतकी वर्षं काढली की आता मला त्यांची शिसारी येते.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. तिकडचे रस्ते लांबलचक आणि सरळ, म्हणून माझ्या अंगात एक खास सोय बसवली होती. स्टिअरिंगजवळचं बटण दाबून वेग ठरवून द्यायचा. मग पाय काढून घेतला तरी मी तोच वेग धरून ठेवायची. क्रूझ कंट्रोल म्हणत त्याला. आणि ब्रेकला नुसता पाय लागला की मी तो वेग लगेच सोडून द्यायची. धरायचं कसं हे मला शिकवलं होतं, तसं सोडायचं कसं हेही शिकवलं होतं.

मुंबईच्या एका वकिलातीतल्या साहेबाबरोबर मी बोटीने या देशात आले. साहेब मायदेशी परतला, माझा लिलाव झाला आणि चौऱ्याहत्तर साली मी नाशिकला निवृत्तीशेठच्या दारात येऊन उभी राहिले. शेठ मूळचे देवळ्याचे, कांद्याचे बडे व्यापारी. रुंद छाती, पांढरंशुभ्र धोतर आणि गालात कायम पानाचा तोबरा.

त्या पानानेच माझं वाटोळं केलं. शेठना खिडकीतून थुंकायचा कंटाळा. त्यांनी डालड्याचा एक डबा तारेने डॅशबोर्डखाली, थेट ब्रेकच्या दांडीजवळ टांगून घेतला आणि त्यात पिंक टाकायला सुरुवात केली. खड्डा आला की डबा हिंदकळायचा. लाल, चिकट, कोमट ओघळ माझ्या आतल्या भागांवर उतरायचे. मला ओकारी काढता येत नव्हती, एवढंच.

आणि त्यांचा तो खेळ! ओझरच्या पुढे रस्ता मोकळा लागला की ते ड्रायव्हरला बाजूला सारून स्वतः बसायचे. बटण दाबायचे, दोन्ही पाय वर घ्यायचे आणि सीटवर चक्क मांडी घालायचे. शेजारी बसलेला पाहुणा किंचाळायचा.

"घाबरू नका हो, भूत चालवतंय!" शेठ खदाखदा हसायचे.

मी भूत नव्हते. एका माणसाला लांबच्या प्रवासात आराम मिळावा म्हणून केलेलं यंत्र होते मी. जत्रेतल्या माकडासारखं नाचवलं मला.

चार वर्षं अशी गेली. मग एक दिवस ड्रायव्हर भिकनच्या लक्षात आलं. भिकन अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ.

"शेठ, ब्रेक दाबला तरी गाडी जोर सोडत नाय. बटण बंद केलं तेव्हा कुठं सुटली."

"मग दाखव की कुणाला तरी," शेठ म्हणाले.

दाखवलं. एकाने प्लग बदलले. दुसऱ्याने कार्बोरेटर उघडून पेट्रोलने धुतला. तिसऱ्याने बॉनेटखाली डोकं घातलं, हातोडीने इकडेतिकडे ठोकलं आणि "आता पळवा" म्हणून सांगितलं. आग्रा रोडवरच्या गोटीराम मिस्त्रीने तर अख्खी सायलेन्सरची नळी उतरवून पुन्हा चढवली. शेवटी शेठनी माझ्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. दुखणं होतं पायाशी आणि सगळे चाचपत होते डोकं.

ते सापडलं दसऱ्याला. शेठच्या पत्नी सगुणाबाई माझी पूजा करत होत्या. पुढून झाल्यावर त्या मागे आल्या, झेंडूची माळ बांधू लागल्या. भिकन आत बसून गाडी पुढे-मागे घेत होता.

"भिकन, ब्रेक दाबलास ना आत्ता?"

"हो, वैनी."

"मग मागचे लाल दिवे का लागले नाहीत? दरवर्षी माळ बांधताना लागतात."

भिकन तसाच गोटीरामला बोलवायला गेला. दिव्यांना आणि वेग सोडण्याला इशारा देणारा स्विच एकच, ब्रेकच्या दांडीवर. गोटीराम डॅशबोर्डखाली उताणा झोपला, वर हात घातला आणि दचकून बाहेर आला. मनगटापर्यंत हात लाल. आधी त्याला रक्तच वाटलं. मग त्याने हात नाकाशी नेला आणि कुंपणाशी जाऊन ओकला.

"शेठ, काय हे! चुना, कात, थुंकी... सगळं थापलंय स्विचवर. आतून सडलाय तो."

"साफ कर मग."

"साफ करून भागत नाही. मुंबईहून दुसरा आणावा लागेल." त्याने स्विच पुसला, डबा काढून फेकला आणि कार्बोरेटरला जोडलेली मण्यांची बारीक साखळी सोडवली. "आता वेग धरायची भानगडच नाही. नुसती पायाने चालवा. नवा स्विच बसेपर्यंत ही साखळी जोडू नका, माणूस मरेल."

त्या दिवशी मला फार हलकं वाटलं.

ते टिकलं दिवाळीपर्यंत. शेठच्या मुलीला, सुलाला, घोटीच्या भाताच्या गिरणीवाल्या पुंजारामांच्या घरचं स्थळ आलं होतं. त्यांच्याकडे जायच्या सकाळी शेठनी स्वतःच माझं बॉनेट उघडलं. कांद्याच्या गोण्या शिवायच्या सुतळीने साखळी परत बांधली.

"शेठ, मिस्त्री काय म्हणाला..." भिकनने तोंड उघडलं.

"गाडी तुझी का माझी? व्याह्यांना गंमत दाखवायचीय."

घोटीत चहापाणी झालं. मग शेठ पुंजारामांना शेजारी बसवून निघाले. मागे सगुणाबाई, सुला आणि खिडकीशी भिकन. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली. गाव मागे पडल्यावर शेठनी बटण दाबलं आणि मांडी घातली.

"बघा व्याही! भूत!"

पुंजारामांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात डोक्यावर भाताचे भारे घेतलेल्या बाया रस्ता ओलांडू लागल्या. शेठची मांडी सुटेना, धोतराचा सोगा पायात अडकला. कसाबसा पाय खाली आला, ब्रेक दाबला. स्विच मुका. मला इशाराच मिळाला नाही. मी मंद झाले तसा, वेग टिकवायला कार्बोरेटरची ती साखळी ओढणारा माझ्या आतला रबरी पडदा ती आणखी ओढू लागला. ब्रेक मला मागे खेचत होता, इंजिन पुढे रेटत होतं. शेठ नुसते ओरडत होते, बटण बंद करायचं त्यांना सुचलंच नाही.

सुला मागून उठली, बापाच्या खांद्यावरून वाकली आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन विझलं. मी घसरत थांबले, पण शेवटच्या बाईला माझा बंपर लागलाच. भारा उडाला, शेतभर लोंब्या विखुरल्या. शकुबाई नाव तिचं. पाय गुडघ्याखाली मोडला होता. ती रडतसुद्धा नव्हती, पायाकडे बघत होती नुसती.

आता ऐका माणसाची जात. सगुणाबाई आणि भिकन धावत शकुबाईकडे गेले. शेठ धावले ते भिकनच्या मागे, त्याचा दंड धरायला.

"गाडी तू चालवत होतास. कळलं? मी सगळं बघून घेतो."

"मी, शेठ?"

"हो, तूच होता," पुंजाराम धोतर झटकत म्हणाले. "मी शेजारीच होतो की."

एवढ्या सहजपणे! पानाची पिंक टाकावी तसं. माझ्या ब्रेकवर साचलेली घाण परवडली, ती निदान दिसत होती.

हवालदार सायकलवरून आले. त्यांनी विचारलं, "कोण चालवत होतं?" भिकन मान खाली घालून पुढे झाला.

"तो मागे बसला होता," सुला म्हणाली. "गाडी आबा चालवत होते. पाय वर घेऊन."

"सुले!" शेठ गरजले.

"बिघाड माहीत होता. सुतळीने बांधलंय, बॉनेट उघडून बघा."

हवालदारांनी बघितलं. मी आयुष्यात एवढ्या खुशीने बॉनेट कधीच उघडू दिलं नव्हतं. सगुणाबाई शकुबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याकडे न बघता त्या एवढंच बोलल्या, "पोरगी खरं बोलतेय."

पुंजारामांनी तिथल्या तिथे स्थळ मोडलं. असली तोंडाळ सून त्यांना नको होती. सुलाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं गोटीरामने आपल्या लाल हाताकडे पाहिलं होतं.

शेठवर खटला झाला, शिक्षाही झाली. त्यांनी ती भोगली, पण बाहेर आल्यावर वर्षभर लेकीशी बोलले नाहीत. भिकनने नोकरी सोडली आणि ट्रक धरला. शकुबाई काठी घेऊन चालते, असं सगुणाबाईंच्या बोलण्यात आलं होतं. त्या आणि सुला तिच्याकडे जाऊन येत.

मला शेठनी विकून टाकलं. पुढे मी वराती वाहिल्या, निवडणुकीत कर्णे वाहिले. प्रत्येक मालकाने माझ्यावर नवा रंग फासला, आतलं काही कुणी पुसलं नाही. आता शहाऐंशी साल चाललंय. पंचवटीच्या बाजूला एका भंगारवाल्याच्या आवारात मी विटांवर उभी आहे. येणारे-जाणारे माझ्या चाकांच्या रिकाम्या जागेत लघवी करतात आणि वर "काय गाडी होती!" म्हणतात.

काल एक शेतकरी येऊन माझं इंजिन ऐकून गेला. त्याला ते विहिरीवर बसवायचंय, पाणी उपसायला. उद्या मला उघडतील.

उघडा. इंजिन घेऊन जा, पट्टा लावा, रॉकेलवर चालवा, दिवसरात्र राबवा. पाणी मी आनंदाने ओढेन. फक्त एवढं करा, माझ्यावर पुन्हा माणूस बसवू नका.