कॉम्प्रेसर गप्प बसला

सुतारखान्यातली कॉम्प्रेसरची दाबाखालची हवा नेणारी लाइन सासऱ्यांनी स्वतः ओढली होती, तीही पाण्याच्या पांढऱ्या प्लास्टिक पाइपची. सून ती बदलायला निघाली तेव्हा त्यांचा पारा चढला.

“इतकी वर्षं काही झालं का?”

“व्हायची वाट बघायची का, बाबा? पाण्याचा पाइप फुटला तर गळतो. हवेचा फुटला की काचेसारखे तुकडे उडतात, आणि खाली तुमचंच डोकं असतं.”

तिने नवऱ्याला शिडी धरायला लावली, पुढच्या खोलीतलं सगळं प्लास्टिक उतरवलं, लोखंडी पाइप चढवला आणि त्याच्या टोकाला जाड रबरी नळी जोडली, किती दाब सोसेल ते अंगावर छापलेली. सासरे दारात खुर्ची टाकून तोंड फुगवून बसले.

कॉम्प्रेसर सुरू झाला, थोडा वेळ धडधडला आणि खटकन थांबला.

सासरे ताडकन उठले. “पडला ना बंद? दिवसभर चालायचा बिचारा.”

“टाकी हवेने भरली म्हणून थांबला. जुन्या जोडांतून हवा निसटायची, त्याला उसंतच नव्हती.”

सासऱ्यांना पटेना. त्यांनी नळीच्या टोकाची हवा मारायची बंदूक उचलली, टेबलावरच्या भुशावर रोखली आणि दाबली. टेबल लख्ख झालं. भुसा मात्र भिंतीवर आपटून उलटा आला आणि सासरे नखशिखांत माखले.

नवऱ्याने हसू दाबलं. सुनेने दाबलं नाही.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. कॉम्प्रेसर अजूनही गप्पच होता.

“मागच्या खोलीतला प्लास्टिकचा पाइप तसाच राहिलाय,” ते म्हणाले, आणि जाऊन शिडी धरून उभे राहिले.