गुरुवारचं मौन

देवघरात पोथी उघडी होती आणि तिच्याशेजारी पालथा घातलेला फोन एकसारखा थरथरत होता. तनुजाताईंनी नजर पानावरून हलू दिली नाही. पण ओळ पुढे सरकेना. तीच ती ओळ पुन्हा पुन्हा वाचून झाल्यावर त्यांनी फोन उताणा केला.

ग्रुपवर सोसायटीतल्या रुपालीचा संदेश होता. सोबत दोघींकडे स्वयंपाकाला येणाऱ्या हिराचा फोटो, गेटवरच्या अ‍ॅपमधून उचललेला. 'मंगळवार संध्याकाळपासून माझं घड्याळ मिळत नाहीये. त्या वेळी हिची सोसायटीत एंट्री आहे, घराची चावी हिच्याकडे आहे. प्लीज सगळ्यांनी ब्लॉक करा.'

मंगळवारी अंगारकी होती. हिरा सोसायटीत आली होती हे खरंच, पण रुपालीकडे गेलीच नव्हती. ती इथे, याच स्वयंपाकघरात, ताईंसोबत मोदक वळत बसली होती. "आज नको जाऊस तिकडं, मी कळवते रुपालीला," असं ताईच म्हणाल्या होत्या. आणि कळवायचं राहून गेलं होतं.

एक ओळ लिहिली असती तर काम झालं असतं. पण आज गुरुवार. सूर्योदयापासून दुपारच्या आरतीपर्यंत त्यांचं मौन असे. कॉलेजच्या संगणक विभागातली नोकरी होती तेव्हाही त्यांनी ते अर्धी रजा टाकून पाळलं होतं. ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक होतं, गुरुवारी सकाळी ताई नसतात.

ग्रुप त्यांचाच. 'पडद्याआडची माणसं'. पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्याला म्हाताऱ्या बायकांचे अंगठे यंत्राला पटेनात, तेव्हा ताईंना वाटलं, ही यंत्रं आपलं काय करताहेत ते कुठेतरी बोलायला हवं. धायरीतले इंजिनिअर आले, पेन्शनर आले. स्वयंपाकाच्या बायकांमधून पहिली हिरा आली. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून ती बोलून पाठवायची. "गेटवरच्या अ‍ॅपमदी मालकिणी आमाला स्टार देत्यात. मालकिणीला स्टार द्यायचं बटण कुठं हाय?" असं तिने एकदा विचारलं आणि ग्रुप दिवसभर हसत होता. रुपालीने तर तो आवाज आपल्या ऑफिसात ऐकवला होता. तिच्याच कंपनीच्या सभागृहात येत्या रविवारी ग्रुपचा मेळावा होता, आणि बोलणार होत्या तनुजाताई.

फोन पुन्हा थरथरला. हिराचा आवाज. ताईंनी फोन कानाशी धरला.

"ताई, मंगळवारी मी तुमच्याकडं व्हते. सांगा की जरा ह्यांना."

ताईंनी डोळे मिटले. आरती झाली की सांगू. व्रत ते व्रत. तेवढ्यात ग्रुपमधल्या सलिलने रोजच्याप्रमाणे फुलाचं चित्र आणि सुविचार टाकला. ताईंच्या अंगठ्याने त्याला नमस्कार करून टाकला. रोजची सवय.

आरती आटोपून त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे यजमान शरच्चंद्रराव वर्तमानपत्राची घडी घालत होते.

"झालं मौन? मग बोला आता. ऐकायला कोणी उरलंय का बघा."

मंगळवारी हिरा माझ्याकडेच होती, असं ताईंनी घाईघाईने ग्रुपवर लिहिलं. थोड्याच वेळात रुपालीचं उत्तर आलं. 'ओह. घड्याळ जिमच्या बॅगेत सापडलं. सॉरी हं सगळ्यांना.' पुढे एक हसरा चेहरा. तोवर फोटो आणखी चार सोसायट्यांमध्ये फिरून आला होता आणि अ‍ॅपवर हिराच्या नावापुढे प्रवेशबंदीची लाल पट्टी पडली होती.

"ती पट्टी काढायला सांगा ना कमिटीला."

"सांगितलं. लावायला एक बोट पुरतं, काढायला मीटिंग लागते म्हणाले," शरच्चंद्रराव म्हणाले. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "मला एक सांग. तुझं मौन तोंडाचं असतं की बोटांचंही?"

ताईंनी फोन पालथा घातला.

संध्याकाळी त्या जुन्या गावठाणात हिराच्या घरी गेल्या. हिरा मेथी निवडत होती. उठली, पाट दिला, पाणी दिलं. मानपानात कुठेही कमी नाही. तेच ताईंना लागलं.

"हिरा, सकाळी माझं मौन होतं गं."

"व्हतं की. मला का ठावं न्हाई?"

"आरती झाल्याबरोबर लिहिलं मी."

"वाचलं ना. बरं लिवलं." हिराने एक काडी बाजूला टाकली. "ताई, आपण पाठवलेला आवाज कुणी कुणी ऐकला ते दिसतं. तुमीच शिकवलं व्हतं मला बघायला. तुमचं नाव पयलं व्हतं."

ताई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"मी म्हनलं, असू दे, व्रत मोडाया नको. बाईमाणसाचं व्रत हाय." हिराचा आवाज चढला नाही. "पण मग सलिलदादाच्या फुलाला तुमी हात जोडले."

मेथीच्या जुडीवर दिव्याचा उजेड पडला होता. ताईंना त्या उजेडातून उठून जावंसं वाटलं. म्हणाव्यात अशा खूप गोष्टी होत्या. रुपालीला कळवायचं मीच विसरले होते, हे ग्रुपवर सगळ्यांदेखत कबूल करायची लाज वाटली. रविवार तोंडावर होता, रुपालीला दुखवायचं नव्हतं.

"कामं किती गेली?" एवढंच त्यांनी विचारलं.

"जाऊ द्या ताई. च्या घेता का?"

रविवारी मेळावा झाला. सभागृह गार होतं. ताई बोलल्या. यंत्र माणसाची नोंद ठेवतं, पण माणूस ओळखत नाही, असं काहीसं बोलल्या. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून रुपालीने त्यांचा फोटो काढला. भाषणात हिराचं नाव घ्यायचं, असं ठरवूनच त्या घरातून निघाल्या होत्या. दोनदा ते जिभेवर आलं. दोनदा त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

मग पुन्हा गुरुवार आला.

गुरुवारी घंटी वाजून मौनात अडथळा नको, म्हणून ताईंनी हिराला घराची चावी देऊन ठेवली होती. ती आवाज न करता यायची, आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर चहाचा कप बशीने झाकून ठेवायची. आठवडाभर ती आली नव्हती. पण आज गुरुवार, आज येईल, असं ताईंना उगीच वाटत होतं. पोथी पुढ्यात होती आणि कान कुलपाकडे.

कुलूप वाजलं नाही. गेटवरचा इंटरकॉम वाजला. शरच्चंद्रराव फिरायला गेले होते. ताई उठल्या.

"मॅडम, त्या हिराबाई आल्यात," पहारेकरी म्हणाला. "अ‍ॅप लाल दाखवतंय. तुम्ही तोंडानं हो म्हणालात तर सोडतो."

ताईंनी देवाकडे पाहिलं. समई शांत जळत होती.

"सोडा तिला," त्या म्हणाल्या. सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला. "माझं माणूस आहे ते. वर पाठवा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गेल्या त्या मॅडम. वर यायचंच नव्हतं त्यांना. चावी ठेवलीय टेबलावर. मी फोन लावला तर नको म्हणत होत्या."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, आज गुरुवार हाय, ताईंना बोलाया लावू नका."

ताई तशाच खाली गेल्या. गेटपाशी रस्ता सिंहगड रोडच्या दिशेने रिकामा होता. चावीला त्यांनीच बांधलेला देवाचा लाल दोरा तसाच होता, आणि चावीच्या खाचेत वाळलेली कणीक अडकली होती. पहारेकऱ्याने पुसायला फडकं पुढे केलं.

ताईंनी मान हलवून नको म्हटलं, आणि चावी तशीच मुठीत धरून जिना चढू लागल्या.