जाहिरातीत ठसका लागत नाही

"सर, पाकिटावर ज्या बाई आहेत, त्या स्वतःच्या घरी हाच मसाला वापरतात का?"

प्रश्न माझा नव्हता, आकांक्षाचा होता. शाळेत करिअर डे होता आणि स्टेजवर मसाल्याच्या कंपनीचे शंतनु सर बोलत होते. आकांक्षानं मला कोपरानं ढोसलं. "हिंमत आहे तर विचार, पूर्वी. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन." गेल्या वर्षापर्यंत हजेरीला मी 'यस मिस' म्हणायचे ते माझं मलाच ऐकू यायचं नाही. पण यंदा वक्तृत्वात पहिली आले, आणि तेव्हापासून माइक दिसला की मला राहवत नाही. उठलेच.

हॉलमध्ये खसखस पिकली. कारण पाकिटावरच्या बाई म्हणजे माझी आई, हे अख्ख्या शाळेला माहीत आहे. हिरवी नऊवारी, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, आणि खाली लिहिलंय, 'सुभद्राताईंचा मालवणी मसाला. आईच्या हातचा.' माहीत नव्हतं ते फक्त शंतनु सरांना.

सर हसले. "काय गोड प्रश्न आहे! अगं, मी स्वतः लालबागला त्यांच्या घरी जेवलोय. ताई दुसरा मसाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत."

"सर, ती त्यांचीच मुलगी आहे!" मागून स्वप्नील ओरडला.

सरांची पापणी एकदाच लवली, मग हसू आणखी रुंद झालं. "अरे वा! मग पुढच्या जाहिरातीत आई आणि लेक! काय, करशील ना?"

टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर धपाधप. मी माइकमध्ये एवढ्या जोरात "हो!" म्हटलं की स्पीकर किंचाळला.

शाळा सुटल्यावर आकांक्षा दोन दप्तरं घेऊन माझ्यामागून चालत होती. "हिरॉइन, जरा हळू चाल," म्हणत होती. मी हवेतच होते. आमच्या चाळीच्या जिन्यात मात्र माझे पाय आपोआप थांबले. शंतनु सर आमच्या घरी कधीच आलेले नाहीत. आमची एक खोली. पाहुणा आला की बाबा बाहेर गॅलरीत स्टुलावर बसतात. कंपनीचा साहेब जेवून गेला असता तर मजल्यावर वर्षभर तोच विषय चालला असता. म्हणजे सर खोटं बोलले. तेही इतकं सहज, जसं कुणी 'मजेत' म्हणतं तसं.

आणि दुसरं. दिवाळीला कंपनीनं पाठवलेला पाकिटांचा खोका आमच्या माळ्यावर आहे. त्याची चिकटपट्टीही कुणी काढलेली नाही. आई जेवणात घालते तो मसाला बरणीतला, हिंगाचे खडे घालून ठेवलेला.

आईचं नाव सुभद्रा नाही, मेघना आहे. 'मेघना' ऐकून बँकेतली बाई वाटते, असं कंपनीचं म्हणणं पडलं, म्हणून सुभद्रा. त्याचं आम्हाला तेव्हा हसूच आलं होतं. आमच्या मजल्यावरच्या बायका दर उन्हाळ्यात आईला पुढे घालून मिरची गल्लीत जातात. बेडगी किती, संकेश्वरी किती, ते आई हातात मिरची मोडून सांगते. मग घरी भाजायचं आणि डंखावर कुटून आणायचं. तिथे लोखंडी मुसळं धाडधाड खाली येतात आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायका पदर नाकाला लावून खोकतात, शिंकतात, हसतात. कंपनीला आई तिथेच सापडली. त्यांनी शूटिंगही तिथेच केलं. आईला ठसका लागला की दिग्दर्शक ओरडायचा, "कट! ताई, खोकू नका!" शेवटी मिरची काढून घेतली आणि मुसळं नुसती चालवली. ती जाहिरात मी शंभरदा बघितली असेल. तीत कुणालाच ठसका लागत नाही.

त्याच सुमारास बाबांची लोअर परळची प्रेस बंद पडली होती. कंपनीनं त्यांना शिवडीच्या गोडाऊनला कामाला घेतलं. घरात आम्ही कंपनीला नुसतं 'कंपनी' म्हणतो, जसं काही जगात एकच आहे.

मी करिअर डेची गोष्ट सांगितली तेव्हा बाबा खूश. "तुझ्या आवाजाचं त्यांनाही कौतुक वाटलं वाटतं!" आई पोळ्या लाटत होती. तिनं विचारलं, "तू काय विचारलंस त्यांना?" मी सांगितलं. तिनं त्या पोळीचा पुन्हा गोळा केला आणि नव्यानं लाटायला घेतली.

दोनच दिवसांत बाबांच्या मोबाइलवर माझा डायलॉग आला. 'आमच्या घरात एकच मसाला, माझ्या आईचा!' सोमवारी शूटिंगला न्यायला गाडी येणार होती. मी आरशासमोर तो लाडात म्हणून पाहिला, ठसक्यात म्हणून पाहिला, डोळे मिचकावून म्हणून पाहिला. जिन्यातलं काही मला आठवायचं नव्हतं. माझा चेहरा पाकिटावर येणार होता! आकांक्षा तर आत्ताच सही मागत होती.

रविवारी दुपारी शेजारच्या राधाकाकू आल्या. हातात वाटी, वाटीत तिसऱ्यांचं सुकं. आमच्यात काही चांगलं केलं की वाटी शेजारी जाते, आणि रिकामी परत येत नाही. पण आज काकू वाटी देऊन गेल्या नाहीत. आईसमोर बसल्या.

"मेघना, चाखून बघ गो जरा."

आईनं बोटावर घेतलं. मी तिच्याकडेच बघत होते. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि लगेच गेलं. "छान झालंय, काकू."

"माझा मन राखूक नको सांगू. धनेशाक मस्कतला पाकिटां धाडलंय. फोनवर म्हणता, आये, ह्यो मसालो आपलो न्हय. माकाही तसाच लागता." काकूंनी पदरानं ओठ पुसले. "मगे ध्यानात इला. ता तापाचा साल झाला ना, तवापासून माझ्या जिभेक चवच रवली नाय. आणि तो पोर तिकडचा खाऊन चव विसरलो. नायतर तुझो मसालो, आणि आमका ओळखूचो नाय?"

आईनं सुकं आमच्या वाटीत काढलं आणि काकूंची वाटी धुतली.

"यंदा मिरची आणूची नाय असा ठरवलंय," काकू उठता उठता म्हणाल्या. "जिभेक कळना नाय तर कशाक ती भाजाभाजी? तुझी पाकिटांच बरी."

आईनं त्यांच्या वाटीत आमच्या बरणीतला मसाला भरून दिला. काकूंनी वास घेतला आणि त्यांचे डोळे एकदम लकाकले. "ह्यो पाकिटातलोच मा?"

"हो," आई म्हणाली.

काकूंचे डोळे विझले. "बघ, माका वाटला वेगळो आसा. नाकय गेला माझा." त्या हसत हसत गेल्या.

आई वाटीतलं सुकं बघत बसली. मी दार लोटलं.

"आई, पाकिटात तुझा मसाला नाहीये ना?"

"हळू बोल," बाबा म्हणाले. भिंती पातळ आहेत.

"पहिल्या खेपेला होता," आई म्हणाली. "मी सांगितला तसाच. नंतर त्यांनी बदलला. मिरची कुठली तरी, धणेच जास्त, आणि वर रंग. मला वासावरून कळलं. मी फोन केला होता त्यांना."

"मग?"

"म्हणाले, ताई, तुम्ही चेहरा आहात. चवीचं आमची टीम बघते."

"आणि तू गप्प बसलीस?"

"पूर्वी!" बाबांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. "काय करणार होती ती? कागदावर सही केली आहे, बाहेर काही बोलायचं नाही म्हणून. माझी नोकरी कुणामुळे आहे? प्रेस बंद झाली तेव्हा मी सहा महिने घरी होतो, आठवतंय ना? सगळ्याच कंपन्या असं करतात गं. साबणात कुठे चंदन असतं? कुणी मरतंय का त्यानं?"

बाबा वाईट नाहीत. ते सहा महिने मला आठवतात. बाबा दुपारी झोपल्याचं सोंग घ्यायचे, म्हणजे आम्ही काही विचारू नये. आणि खरंच, कुणी मरत नव्हतं. फक्त भिंतीपलीकडे एक बाई स्वतःच्या जिभेला शिव्या देत होती, कारण माझी आई फसवेल हे तिच्या मनातही येत नव्हतं.

शंतनु सरांना हे माहीत असेल? त्यांना राधाकाकू माहीत नाहीत, पण असं कुणीतरी असणार हे माहीत असणारच. त्यांनी पाकिटात मिरची कमी केली, आणि जी खोट उरली ती आईच्या तोंडावर ठेवून दिली. लोक आईकडे बघून पाकीट घेतात आणि चव लागली नाही तर स्वतःला दोष देतात. केवढी सोय! आणि आता आईचं तोंड पुरेनासं झालं, म्हणून माझं.

बाबांचा मोबाइल वाजला. कंपनीचाच मेसेज होता. 'उद्या गाडी वेळेवर येईल. पूर्वीला केस मोकळे ठेवायला सांगा.' बाबांनी तो आम्हाला वाचून दाखवला आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती, आणि ती मी पाहू नये असंही वाटत होतं.

"एक दिवसाचं काम आहे, बाळा," ते म्हणाले. "एकच वाक्य."

मी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. लाडात, ठसक्यात, डोळे मिचकावून. प्रत्येक वेळी समोर राधाकाकू वाटीचा वास घेत उभ्या होत्या.

"आई, तू काकूंना हो का म्हणालीस?"

"मग काय म्हणू?" आईचा आवाज फाटला. "इतके दिवस तुम्हाला खोटं विकलं, असं म्हणू? उद्या कोणत्या तोंडानं गॅलरीत उभी राहू मी?"

तिनं डोळे पुसले, पण बोटाला मसाला होता. डोळे झोंबले आणि तिला ठसका लागला. थांबेचना. बाबांनी पाणी आणलं. मी तिची पाठ चोळत राहिले, आणि चोळता चोळता माझं ठरलं. हॉलमध्ये जसं टुणकन उठले होते, तसं नाही. या वेळी आधी आईचा पेला खाली ठेवला, मग उठले.

"बाबा," मी म्हटलं, "मी उद्या जाणार नाही. ते वाक्य मी म्हणणार नाही. तुमची नोकरी जाईल कदाचित, मला माहितेय, आणि मला खूप भीती वाटतेय. पण कंपनीला फोन तुम्ही करणार नसाल तर मी करीन. आणि आई, तू सही केली आहेस, मी नाही केलेली. मी आत्ता राधाकाकूंकडे चालले आहे. त्यांना सांगते, की काकू, तुमची जीभ एकदम बरोबर आहे."