मीठ ढकलणारा माणूस

चौकाचा इतिहास अकरा महिन्यांचा होता आणि परागला त्यावर दीड तास बोलायचं होतं.

पराग जवळच्याच बेव्हर्ली पार्क वसाहतीतला. वय सव्वीस, इतिहासात एमए. यातली शेवटची गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. खाडीकाठच्या नवघरला नवाकोरा भव्य ‘मीठ चौक’ उभा राहिला होता, उद्या उद्घाटन होतं आणि चौकाला कायमचा मार्गदर्शक हवा होता. जागा एक, उमेदवार दोन. एक पराग आणि दुसरा खांब.

खांब म्हणजे खरोखरच खांब. स्टीलचा, छातीएवढा. समोर कुणी आलं की आपोआप बोलू लागायचा, "नमस्कार. मीठ चौकात आपले स्वागत आहे." समितीच्या अध्यक्षा शुभदा मॅडम आज सकाळी निकाल लावणार होत्या. खांबाची चाचणी कालच झाली होती.

"अजिबात नर्व्हस नव्हता तो," मॅडम परागला म्हणाल्या. "तुम्ही आधी पाणी प्या."

समोर चाळीस माणसं जमली होती. हास्य क्लबवाले, शाळेच्या दोन बाई, नवघरच्या जुन्या घरांतली आगरी मंडळी, आणि बँक उघडेपर्यंत वेळ काढायला आलेले एक काका. परागने घसा साफ केला आणि सुटला.

"मंडळी, आपण उभे आहोत तिथे आधी मिठागर होतं. मग इथे काही नव्हतं. मग त्याच जागेवर नवरात्रात गरबा व्हायला लागला. आणि आता हे आठ खांब! समितीत आठ सदस्य. कोणती शैली घ्यायची यावर चार महिने एकमत झालं नाही, म्हणून प्रत्येकाला एकेक खांब देण्यात आला. हा ग्रीक. हा राजस्थानी. हा वसईच्या किल्ल्याच्या वळणाचा. आणि हा एका सदस्याच्या जावयाने दुबईच्या हॉटेलात पाहिला, त्याच्या वर्णनावरून."

"खजूर वाटतोय," बँकवाले काका म्हणाले.

"बरोब्बर! जावयाला दोन्ही एकत्रच आठवत होते."

लोक हसले. परागला अंगात वीज खेळल्यासारखं झालं. त्याने हात हवेत फेकून वरसावे पर्व सांगितलं. चौकाच्या मधला पुतळा ट्रेलरवरून येताना वरसाव्याच्या पुलाजवळ एकोणीस तास ट्रॅफिकमध्ये अडकला. पहिल्या तासात त्याच्यासोबत सेल्फी झाले, चौथ्यात कुणीतरी हार घातला, दहाव्यात नारळ फुटला, आणि ट्रॅफिक हलला तेव्हा मागच्या बसमधल्या दोघी उतरून पाया पडल्या. हा कोण, हे एकालाही माहीत नव्हतं. शुभदा मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चक्क मान डोलावली.

"आणि हाच तो!" पराग ओरडला.

अठरा फुटी मीठकामगार. काळा दगड, गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं धोतर, हातात लांब दांड्याची लाकडी फळी, पाठीमागे मिठागराचा बांध म्हणून जमिनीत बसवलेली दगडी पट्टी. फळीच्या पुढे पांढऱ्या संगमरवरी मिठाची रास, दोन रिक्षांएवढी. सगळे आ वासून बघत राहिले.

"बघा त्याचे दंड! बघा तो आवेश! घामाचं मीठ करणारा आपला माणूस, मीठ गोळा करतोय!"

"न्हाय," मागून आवाज आला.

नवघरचे पुंडलिकबाबा पुढे आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे, त्यातली चाळीस मिठागरात गेलेली. शेजारी त्यांच्या पत्नी पार्वतीबाई, हातात रिकामी पिशवी, कारण भाजी घ्यायला निघाल्या होत्या.

"काय न्हाय, बाबा?" परागने विचारलं.

"यो मीठ गोला करीत न्हाय. यो मीठ परत खाडीत ढकलतंय."

चाळीस माना पुतळ्याकडे वळल्या.

"अरे पोरा, मीठ आपल्याकडं वढायचं असतं. माणूस बांधाकडं मागं मागं सरकतो, फली पुढं आनि मीठ फलीच्या अल्याड, रास पाठीमागं बांधावर. हित्तं रास फलीच्या पल्याड हाय! येवढी मेहनत करून हा मीठ टाकाया चाललाय. शेठबरोबर भांडन झालं का काय याचं?"

"भांडन नसंल," पार्वतीबाई म्हणाल्या. "पयला दिवस असंल कामाचा."

शुभदा मॅडम झपाझप चालत परागच्या कानाशी आल्या. "म्हणा, ही कलात्मक मांडणी आहे. उद्या उद्घाटन आहे, पराग. छापलेल्या पत्रिकेवर रास पुढेच आहे. म्हणा, आणि नेमणूक तुमची."

तेवढ्यात पार्वतीबाई बोलक्या खांबासमोरून गेल्या. खांब म्हणाला, "नमस्कार. हा कामगार मीठ गोळा करत आहे."

"ह्याला पन म्हाईत न्हाय," पार्वतीबाई म्हणाल्या.

परागने वर पाहिलं. अठरा फुटी माणूस, हजारो लोकांच्या समोर, वर्षानुवर्षं आपल्या सगळ्या दिवसाची कमाई खाडीत लोटणार. आणि पराग रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या पायाशी उभा राहून त्याला शाबासकी देणार. पगारी. त्याला आईचा चेहरा दिसला, ती बिल्डिंगमध्ये पेढे वाटत होती. त्याने तो चेहरा महत्प्रयासाने बाजूला केला.

"मंडळी," तो म्हणाला, "मी चुकलो. बाबा बरोबर आहेत. रास चुकीच्या बाजूला आहे."

शुभदा मॅडमनी वही मिटली. फार हळू मिटली.

"मग मागं घ्या की," पुंडलिकबाबा म्हणाले.

"काय मागे घेऊ? शब्द?"

"रास रं!"

पराग धावत गेला, खाली वाकला आणि गालावर चिखल घेऊन वर आला. "चिकटवलेली नाहीये! लोखंडी पाटावर ठेवलीय फक्त, खाली चाकं आहेत! सिमेंट संध्याकाळी घालणार आहेत!"

यानंतर काय झालं ते फार भरभर झालं. हास्य क्लबच्या नीलमताई सगळ्यांच्या आधी बाह्या सरसावून धावल्या. शाळेच्या बाई, बँकवाले काका, सगळे राशीला भिडले आणि जोर लावून ढकलू लागले. रास तसूभर हलली नाही.

"ढकलताव काय!" पुंडलिकबाबा कडाडले. "आत्ताच सांगितलं ना? सगलेच त्याचे भाऊ का?"

उद्घाटनाच्या मंडपवाल्याचा दोर आला. पाटाला बांधला. बाबांनी सगळ्यांना राशीकडे तोंड करून उभं केलं, टाचा मागे, अंग मागे, आणि आरोळी दिली. चाळीस माणसं उलट्या पावलांनी चालू लागली. रास करकरली, थरथरली आणि निघाली!

"हलली!" पराग किंचाळला. "मंडळी, ही रास हलतेय! डावीकडे ग्रीक खांब, सांभाळा! काका, मागे दुबई आहे!"

काका खजुराला आपटले आणि दोर न सोडता "सॉरी" म्हणाले. पुतळ्याला वळसा घालून अख्खी रांग मागे मागे सरकत होती आणि जो तो पाठीनेच बोलक्या खांबासमोरून जात होता. खांबाला दम घ्यायला वेळ मिळेना. "नमस्कार. नमस्कार. नमस्कार. नमस्कार." रिक्षावाले रिक्षा सोडून आले. "क्या चालू है, भाई?" "नमक पीछे ले रहे हैं!" एवढं कारण त्यांना पुरलं. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या लोकांना हा नवीन व्यायाम वाटला, ते चपला घालून खाली आले आणि शेवटाला लागले. शेवटच्या वळणावर दोर अडला, तेव्हा आणखी दोन हात पुढे आले. मनगटात सोन्याचं घड्याळ होतं. शुभदा मॅडम.

"पत्रिकेचं बघू," त्या धापा टाकत म्हणाल्या. "ओढा!"

रास पुतळ्याच्या पाठीमागे, बांधावर, जाऊन बसली. टाळ्या, शिट्ट्या, दोन रिक्षांचे हॉर्न. पुंडलिकबाबांनी लांब जाऊन, डोळे बारीक करून पुतळ्याकडे बराच वेळ पाहिलं. पराग नखं खात उभा.

"आता बरा दिसतो," बाबा म्हणाले. "जरा पुढं वाकलाय, पन चालंल. दमला हाय म्हनू."

शुभदा मॅडमनी घाम पुसला, वही उघडली. "खांबाला यातलं काय माहीत आहे?"

"नमस्कार," खांब म्हणाला. "हा कामगार मीठ गोळा करत आहे."

"आता बरोबर आहे तो," पराग प्रामाणिकपणे म्हणाला.

"हो, पण का, ते त्याला ठाऊक नाही. तुम्ही उद्या नऊला या. आणि आज झालेलं सगळं नीट लिहून काढा, नाहीतर लोक काहीही सांगतील."

परागने तिथेच पायरीवर बसून लिहायला घेतलं. अक्षर नाचत होतं. पहिलं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं, "दोराच्या अगदी पुढे पुंडलिकबाबा होते."

"म्होरं मी व्हते," पार्वतीबाई म्हणाल्या.

"तू? तू तं पिशवी धरून बाजूला उभी व्हतीस!"

"पिशवी धरून वढत व्हते! इचार त्या बाईंना."

नीलमताई म्हणाल्या की पुढे खरं तर त्या स्वतः होत्या. रिक्षावाला म्हणाला, "शुरू तो हमने किया." बँकवाले काका परागला आपला खरचटलेला कोपर दाखवू लागले.

परागने पहिलं वाक्य खोडलं, पान उलटलं आणि अत्यानंदाने म्हणाला, "एक मिनिट, एक मिनिट. एकेक करून सांगा. कुणीही घरी जायचं नाही."