आधी लागलेली शाई

जळगावच्या प्रदर्शनात प्रेमराजच्या त्या चित्रासमोर माणसं हटायला तयार नव्हती. आठ फूट उंच भागाबाई. चेहरा पोपटी, लुगडं झेंडूसारखं, मागे काडेपेटीच्या छापासारखा भडक गुलाबी रंग आणि पुढे धरलेलं डाव्या हाताचं बोट, त्यावर जांभळी शाई. चित्राचं नाव ‘मालकीण’. लोकशाहीवरची प्रेमराजची बाकीची चित्रंही लोक बघत होते, पण फोटो काढून घ्यायला उभे राहत ते याच म्हातारीपाशी. प्रेमराज सगळ्यांशी हसून बोलायचा, फक्त त्या बोटाकडे बघायचं टाळायचा. ती शाई सरकारी नव्हती. ती त्याच्या खिशातल्या मार्करची होती.

झालं होतं ते असं. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी प्रेमराजचं गाव. ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या दिवशी तो चित्रासाठी फोटो काढायला धुळ्याहून सकाळीच गावी आला. शेजारची भागाबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती, केंद्रावर निघायच्या तयारीत. लहानपणी आई कापूस वेचायला गेली की प्रेमराज हिच्याच चुलीशी जेवायचा. ओट्यावर कोवळं ऊन असं पडलं होतं की चित्रकाराला वेड लागावं. केंद्रावर रांग लांब, म्हातारी परतेपर्यंत ऊन डोक्यावर येणार आणि याला दहाच्या गाडीनं धुळ्याला परतायचं होतं.

“आक्का, मत तं देनंच शे ना तुले?” तो म्हणाला. “शाई पहिले लागनी काय नि मांगून लागनी काय, एकच शे.”

भागाबाईनं हसत बोट पुढे केलं. याने मार्करनं रेघ ओढली, वीस-पंचवीस फोटो काढले आणि गाडी गाठली. उजेडाची एवढी काळजी करणाऱ्या माणसाला एवढा साधा अंधार दिसू नये! ग्रामपंचायतीच्या मतदानाला मार्करचीच शाई लावतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. किंबहुना म्हणूनच त्याने मार्कर आणला होता.

केंद्रावरच्या साहेबांनी भागाबाईचं बोट पाहिलं आणि म्हणाले, “आजी, तुमचं मतदान झालंय. परत कशाला आलात?” यादीत तिच्या नावापुढे अंगठा नव्हता, पण बोटावर शाई होती, आणि शाई असलेल्याला मत देता येत नाही. दोन्ही पॅनलच्या पोरांनी कालवा केला. म्हातारी बाहेर आली, हापशावर राखेनं बोट घासलं, कातडं सोललं तरी शाई गेली नाही. उलट घासताना पाहणाऱ्यांनी बोभाटा केला की शाई पुसून दुसरं मत टाकायला निघाली होती. नवऱ्याला अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मत द्यायला गेलेली बाई ती. तिला गावानं ‘दोन मतांची भागाबाई’ करून टाकलं. शाई कुणी लावली, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर पोलीस प्रेमराजला नेतील, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं.

हे सगळं प्रेमराजला चौथ्या दिवशी कळलं, काकांच्या, म्हणजे तोतारामनानांच्या फोनवरून. नाना हसत हसत सांगत होते, म्हातारीला म्हातारपणी काय सुचलं बघ. प्रेमराजने ‘हो का’ म्हणून फोन ठेवला. उद्या जाऊन सांगू, असं मनाशी म्हणाला. मग चित्र पुरं झालं, मग चित्राला बक्षीस लागलं, आणि उद्या काही उजाडला नाही. स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून आपण अजून माणसात आहोत असं समाधानही वाटायचं. असलं समाधान फार स्वस्त असतं.

आता मतदार दिनाला भागाबाईचा त्या चित्रासमोरच सत्कार करायचा असं आयोजकांनी ठरवलं आणि तिला आणायचं काम प्रेमराजवर आलं. तो जळगावहून गावी गेला. वाटेत चोपड्यापासून त्याने माफीची वाक्यं पाठ केली होती. भागाबाईनं चहा दिला, तोंडावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, “तुले काही समजनं नही ना रे, त्या दिननं?”

हीच वेळ होती. देवानं ताटात वाढून दिली होती.

“काय व्हयनं व्हतं, आक्का?” प्रेमराज म्हणाला.

“काही नही. गावले बोलाले काही तरी लागस.” तिचा चेहरा एकदम हलका झाला. “बरं व्हयनं, तुले समजनं नही. उगाच तुना जीवले घोर लागता.”

त्याने चहा संपवला आणि सत्काराचं निमंत्रण पुढे केलं.

सत्काराला गावातून एक जीप भरून माणसं आली होती, त्यात तोतारामनाना आणि त्या दिवशी कालवा करणारी पोरंही होती. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि माईकवर म्हणाले, “ऐंशीव्या वर्षीही मतदान करणाऱ्या या आजींचा आदर्श घ्या.” जीपमधली माणसं एकमेकांना कोपरं मारू लागली. माईक भागाबाईपुढे आला.

तिनं आधी चित्राकडे पाहिलं, मग प्रेमराजकडे. तिला काय समजलं कोण जाणे, पण हे चित्र खोटं ठरलं तर पोराचं नाक कापलं जाईल एवढं तिला नक्की समजलं.

“मी मत दिन्हं,” ती चित्राकडे हात करून ठणकावून म्हणाली. “ते देखा, शाई शे ना बोटले.”

“मंग दुसरं मत कसाले देवाले गयथी?” मागून कुणीतरी ओरडलं, आणि अख्खी जीप हसली. भागाबाईनं मान खाली घातली. दुसऱ्या मताचा जो गुन्हा तिनं कधीच केला नव्हता, तो तिनं आत्ता भर सभेत कबूल केला होता. याच्यासाठी.

प्रेमराज उठला. त्याने खिशातला मार्कर काढला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या बोटावर तशीच रेघ ओढली.

“अशी लावली होती मी. मत द्यायच्या आधी. फोटोसाठी.” माईकवर त्याचा आवाज फाटला. “आक्कानं एकही मत दिलेलं नाही. मी देऊ दिलं नाही. आणि हे मला चौथ्या दिवसापासून माहीत आहे.”

तोतारामनानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आयोजकांपैकी कुणीतरी घाईघाईनं चित्राकडे पाहिलं, जणू ते झाकता येईल.

भागाबाई प्रेमराजकडे बघत राहिली, विशेषतः त्या ‘चौथ्या दिवसा’पाशी अडकल्यासारखी. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग ती साहेबांकडे वळली, अंगावरची शाल नीट केली आणि अगदी आशेनं विचारलं,

“साहेब, आते तं सगळास्ले समजनं ना? मंग मनं ऱ्हायेल मत आते देता येई का?”

साहेबांनी प्रेमराजकडे पाहिलं. प्रेमराज आपल्या बोटाकडे बघत होता.